पाऊल रिकामं, पाऊल भरलं

प्रश्न : मी ६८ वर्षांची, मूळची मिरजेची. यजमान गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मुलाकडे सिंगापूरला आले. मागच्या दिवाळीच्या तोंडावर बाथरूममध्ये पाय सटकून मागे पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनातली भीती जात नाही. डाव्या गुडघ्याची झीज आहे, बीपीची एक गोळी चालू आहे. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत रोज सकाळी चिनी आजी-आजोबा ताई ची, म्हणजे तो संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करतात. शेजारच्या ७४ वर्षांच्या बाई मला खुणेने बोलावतात. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा जिम लाव. धाकटी बहीण फोनवर म्हणते, तीस वर्षं योगासनं केलीस, आता त्यांच्या देवाधर्मात कशाला शिरतेस? एका ओळखीच्यांनी सांगितलं की ‘ची’ नावाची प्राणशक्ती जागी झाली की बीपीची गोळीसुद्धा सुटते. आणि हे म्हणे मुळात मारामारीचं शास्त्र! मग इतकं सावकाश का? मी जाऊ का?

उत्तर : प्रिय ताई,

जा. शेजारीणबाई पुन्हा खुणावतील तेव्हा चपला बाजूला ठेवून पातळ तळव्याचे, मागून टाच धरून ठेवणारे बूट घाला आणि जा. बाकीचं सविस्तर सांगते, पण उत्तर आधी दिलेलं बरं, कारण तुमच्या पत्रात मला मनगटापेक्षा भीतीचीच जास्त काळजी वाटली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. यजमानांच्या नोकरीमुळे आठ वर्षं हाँगकाँगला होते, तिथल्या व्हिक्टोरिया पार्कात सकाळच्या वेळी ताई ची शिकले. पुण्याला परतल्यावरही तो नेम मी मोडलेला नाही. म्हणून या पत्राला दोन्ही बाजूंनी उत्तर देता येईल असं वाटतं.

एकदा पडलेलं माणूस कसं चालतं, ते मी रोज दवाखान्यात पाहते. नजर फरशीवर. पावलं आखूड, घासत टाकलेली. खांदे वर चढलेले, श्वास छातीत अडकलेला. त्याला वाटतं, आपण जपून चालतोय. पण अशा आखडलेल्या शरीराला जरासा धक्का बसला, तर तो जिरवायला जागाच उरत नाही. खांबाला धक्का दिला की खांब आडवा होतो, वेताच्या छडीला दिला की ती वाकते आणि परत उभी राहते. पडण्याची भीती माणसाचा खांब करते, आणि त्यामुळेच तो पुन्हा पडतो. तुमचं असं झालं असेल तर तो तुमचा दोष नाही. शरीर असंच वागतं.

आता तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न : मारामारीचं शास्त्र इतकं सावकाश का?

चीनमध्ये ज्या युद्धकलांना ‘आतल्या घराण्याच्या’ म्हणतात, त्यांत तीन नावं मुख्य : ताई ची, बागुआ आणि शिंगयी. शिंगयी सरळ रेषेत पुढे घुसणारी, धातू, लाकूड, पाणी, अग्नी आणि माती अशी तिच्या पाच ठोशांची नावं. बागुआवाले वर्तुळात चालतात, तासन् तास, बहुतेक एखाद्या झाडाभोवती. लांबून पाहिलं तर पिंपळाला प्रदक्षिणा घालतायत असं वाटावं. या दोन्ही तुमच्यासाठी आत्ता नाहीत. ताई चीचं मूळ हेनान प्रांतातल्या चेन्जियागोउ नावाच्या खेड्यात. १७ व्या शतकातल्या चेन वांगतिंग या लढवय्याकडे ते जातं असं सर्वसाधारणपणे मानतात. पुढे यांग लुचान (१७९९–१८७२) हा बाहेरचा माणूस तिथे राहून ती कला शिकला आणि त्याने ती बीजिंगला नेली. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने तिच्यातले उड्या-झटके काढले, हालचाली मोठ्या आणि एकसारख्या गतीच्या केल्या आणि सामान्य माणसांना शिकवल्या. १९५६ मध्ये चिनी सरकारच्या क्रीडा खात्याने त्याच यांग पद्धतीतून २४ हालचालींचा छोटा संच बांधला. तुमच्या इमारतीखाली बहुधा तोच चालू असेल. सगळा मिळून पाच-सहा मिनिटांचा.

पण सावकाशपणाचं मर्म मला कळलं ते दोघांनी मिळून करायच्या सरावात. त्याला ‘तुई शौ’ म्हणतात, म्हणजे हात रेटणं. दोघं समोरासमोर उभे राहतात, मनगटाला मनगट लावतात आणि एकमेकांचा तोल शोधतात. ज्याचं पाऊल जागचं हललं तो हरला, इतका साधा नियम. हाँगकाँगमध्ये माझ्यासमोर एक आजोबा उभे राहिले, ऐंशीच्या घरातले, वजनाने माझ्याहून कमी. मी रेटलं. माझ्या हाताला काही लागलंच नाही, दार उघडं असताना ढकलावं तसं झालं. त्यांनी कंबर जेमतेम चार बोटं वळवली होती, एवढंच, आणि माझी टाच उचलली गेली होती. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पाय मात्र जमिनीत रोवल्यासारखे.

या कलेत पडणं म्हणजेच हरणं. म्हणून शेकडो वर्षं या माणसांनी एकाच गोष्टीचा ध्यास घेतला : कुणी ढकललं, ओढलं, पाय काढून घेतला तरी उभं कसं राहायचं. तुम्हाला कुणाशी लढायचं नाही. पण ओली फरशी, बसचा हिसका, पायात आलेलं नातवंडाचं खेळणं, हे सगळे ढकलणारेच आहेत. तुमचं काम त्या लढवय्यांच्या कामापेक्षा फार वेगळं नाही.

आणि सावकाश करण्याचं कारण असं. आपण भरभर चालतो तेव्हा गती आपल्याला पुढे वाहून नेते. एका पायावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या क्षणी आपण खरं तर पडतच असतो, फक्त पुढचा पाय वेळेवर येतो म्हणून वाचतो. सावकाश चाललं की ही लपवाछपवी बंद होते. प्रत्येक क्षणी कुठल्या तरी एका पायाला पूर्ण भार पेलावा लागतो. मांडीचे, घोट्याचे, तळपायाचे स्नायू त्या वेळात काम करतात, आणि तळव्याची जाण जागी होते. वयाबरोबर ती जाण मंदावते, मधुमेह असेल तर जास्तच.

चिनी शिक्षक यासाठी दोन शब्द वापरतात, रिकामं आणि भरलेलं. दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन उभं राहणं त्यांना आवडत नाही. एक पाय भरलेला हवा, दुसरा रिकामा. घरी करून पाहा. स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभ्या राहा, दोन्ही हातांची बोटं ओट्यावर नुसती टेकवा. आता सगळा भार उजव्या पायात जाऊ द्या. एका कळशीतून दुसऱ्या कळशीत पाणी ओतावं तसा, धार न तुटता. डावा पाय इतका रिकामा व्हायला हवा की टाच उचलताना वर काहीच हलू नये, खांदा नाही, हनुवटी नाही. टाच उचलताना कंबर डावीकडे उसळली, तर समजा अजून पाणी उरलंय. मग परत डावीकडे ओता. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. दूध तापेपर्यंत होतं.

हे जमलं की पुढचं पाऊल : रिकामा पाय पुढे, आधी टाच टेकवायची, पण भार द्यायचा नाही. इथे क्षणभर थांबा. त्या क्षणी कुणी म्हणालं की पाय परत घे, तर घेता आला पाहिजे. मगच पाऊल सपाट करून भार पुढे न्यायचा. ओल्या फरशीवर टाकलेलं पाऊल परत घेता येणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

संचात एक हालचाल आहे, माकडाला परतवत मागे सरकण्याची. तिच्याकडे खास लक्ष द्या. तुम्ही मागे पडलात, आणि आपल्या नेहमीच्या व्यायामात मागे पाऊल टाकणं जवळजवळ नसतंच. सूर्यनमस्कारात पाय मागे जातो, पण तेव्हा हात जमिनीवर असतात. इथे उभ्यानेच मागे जायचं : आधी पायाची बोटं टेकतात, मग चवडा, मग टाच, नजर समोर. सुरुवातीचे दोन-तीन महिने ही हालचाल भिंतीजवळ किंवा कुणाच्या तरी सोबतीनेच करा.

कुणी म्हणेल, हे सगळं तुमचं मत झालं. मोजूनही पाहिलेलं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सत्तरी ओलांडलेली, पडण्याचा धोका असलेली ६७० माणसं, आठवड्यातून दोनदा एकेक तास, २४ आठवडे. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई चीवर बेतलेला व्यायाम करणाऱ्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी झालं. तोल, ताकद, चालणं असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ३१ टक्क्यांनी कमी. गुडघ्याचं म्हणाल, तर २०१६ मध्ये बोस्टनला झीज झालेल्या २०४ जणांवर झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर ताई चीने आणि नेहमीच्या फिजिओथेरपीने दुखण्यात सारखाच आराम पडला. मी स्वतः फिजिओथेरपीवर पोट भरते आणि हे आनंदाने लिहिते. त्याच अभ्यासात उदासपणा मात्र ताई चीच्या गटात जास्त उतरला.

हा आराम दोन आठवड्यांत येत नाही. तीन महिने धरून चाला.

आता गोळी. ती सोडायची नाही. चीनमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वर्षभर ताई ची करणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी उतरला, एरोबिक व्यायाम करणाऱ्यांचा साधारण साडेचारने. चांगलीच गोष्ट आहे. पण ती ३४२ माणसं उच्च रक्तदाबाच्या उंबरठ्यावरची होती, आणि ती आठवड्यातून चार दिवस तासभर हे करत होती. तुमचा आकडा उतरला तर गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. ‘ची’ जागी करून गोळ्या सोडवणारे, हात न लावता माणूस उडवून दाखवणारे, कर्करोग बरा करतो म्हणणारे गुरू भेटले, तर तिथून सरळ निघा. या कलेचं खरं देणं मोठं आहे, तिला खोट्याचा टेकू लागत नाही.

आणि त्या ‘ची’बद्दल एक गंमत सांगते, बहिणीलाही कळवा. ताई चीमधला ‘ची’ म्हणजे ती प्राणशक्तीवाली ‘ची’ नव्हेच! चिनी भाषेत हे दोन वेगळे शब्द, वेगळी अक्षरं. पूर्ण नाव ताई ची चुआन, नव्या रोमन स्पेलिंगनुसार ताइजीक्वान : ‘ताइजी’ म्हणजे परम टोक, जिथून यिन आणि यांग अशा दोन बाजू फुटतात, आणि ‘क्वान’ म्हणजे मूठ. श्वास, वाफ, प्राण या अर्थाचा शब्द निराळा. शिक्षक तोही वापरतात, बेंबीखाली तीन-चार बोटांवर लक्ष ठेवायला सांगतात. आपल्याकडे प्राणायामात श्वास पोटात उतरू द्या म्हणतात, तसंच समजा आणि पुढे चला. यिन-यांगचा विचार ताओ परंपरेतला आहे खरा, पण इथे देव नाही, मंत्र नाही, दीक्षा नाही. युनेस्कोने २०१६ मध्ये योग आणि २०२० मध्ये ताइजीक्वान, दोन्ही मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या एकाच यादीत घेतले आहेत. तुमची तीस वर्षांची योगासनं मुळीच सोडू नका. श्वास तुम्हाला आधीच कळतो, शरीराचं ऐकता येतं, त्या आजी-आजोबांतल्या कित्येकांपेक्षा तुम्ही लवकर शिकाल. फक्त योगासनात आपण एका स्थितीत जाऊन स्थिर होतो, आणि पडतो ते मात्र एका स्थितीतून दुसरीत जाताना. ती मधली जागा ताई ची शिकवते.

गुडघ्याबद्दल मात्र माझं ऐकाच. एकेचाळिसाव्या वर्षी मला खाली, अजून खाली बसायचं होतं. भरलेल्या पायावरच मी अंग वळवलं आणि आतल्या बाजूची गादी दुखावली. सहा महिने मला जिना धरून उतरावा लागला. म्हणून तीन गोष्टी. उभं राहणं उंचच ठेवा, गुडघा जेमतेम सैल. गुडघा नेहमी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने, आत कललेला नको. आणि पाऊल फिरवायचं असेल तर आधी त्यातला भार काढा, मग फिरवा. बाजूचे आजोबा जमिनीला टेकेपर्यंत खाली जात असतील, तर ते पन्नास वर्षांपासून जात असतील. कम्युनिटी क्लबात, म्हणजे वस्तीतल्या सार्वजनिक केंद्रात, निवड करायची वेळ आली, तर सुन पद्धत शिकवणारे आहेत का विचारा. सुन लुतांग (१८६०–१९३३) शिंगयी आणि बागुआतही पारंगत होते. त्यांच्या ताई चीत उभं राहणं उंच आणि पावलं छोटी. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या डॉ. पॉल लाम यांनी १९९७ मध्ये संधिवातासाठी कार्यक्रम बांधला तेव्हा तीच पद्धत पायाला घेतली.

मुलाचंही अर्धं बरोबर आहे, त्याला नाराज करू नका. या वयात उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं ही हाडं ठिसूळ झाल्याची खूण असू शकते. हाडांच्या घनतेची तपासणी झाली नसेल तर या महिन्यात करून घ्या, ड जीवनसत्त्वही पाहून घ्या. हाडांना आणि मोठ्या स्नायूंना वजनाचा व्यायाम लागतो, तो ताई चीत पुरेसा होत नाही. आठवड्यातून दोन दिवस कुणा जाणकाराच्या देखरेखीखाली हलकी वजनं करा, बाकीचे दिवस इमारतीखाली ताई चीला जा. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, तो या रविवारीच. चष्म्याचा नंबर कधी तपासला होता? उठताना चक्कर येत असेल तर बीपीच्या गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला.

पहिल्या दिवशी सगळ्यात मागे उभ्या राहू नका. नवखी माणसं लाजून तिथेच जातात, मग सगळे वळले की आपणच पुढे, आणि बघायला समोर कुणी नाही! घोळक्याच्या मधोमध जागा घ्या, म्हणजे कुठेही तोंड केलं तरी समोर कुणीतरी असेल. हातांकडे बघू नका. ‘ढगांसारखे हात’, ‘पांढरा करकोचा पंख पसरतो’ अशी नावं इतकी सुंदर असतात की नजर हातांवरच जाते. पहिला महिना फक्त पाय बघा, हात लोंबत राहिले तरी चालतील. दहा मिनिटं झाली की बाकावर बसा आणि पाणी प्या, सिंगापूरची हवा सकाळीही घाम काढते. सारखा एक शब्द कानावर येईल, ‘सोंग’. आपल्या कानाला तो भलताच वाटतो, पण त्यांच्याकडे त्याचा अर्थ सैल सोडणं. खांदे सैल, कोपरं सैल, जबडाही सैल. गळपटायचं नाही. ओल्या साडीचा पीळ सोडल्यावर ती दोरीवर कशी आपल्या वजनाने सरळ लोंबते, तसं.

ज्या दिवशी भीती जास्त वाटेल किंवा गुडघा ठणकेल, त्या दिवशी खुर्चीत बसून ‘बा दुआन जिन’ करा. रेशमी वस्त्राचे आठ तुकडे असं त्याचं नाव, आठच हालचाली, बहुतेक बसूनही होतात. शेजारीणबाईंना नक्की येत असेल, त्यांनाच विचारा.

त्यांच्याबद्दल शेवटी लिहायचं ठेवलं होतं. ७४ वर्षांची बाई, भाषा येत नाही, तरी रोज हात हलवून तुम्हाला बोलावते. यजमान गेल्यानंतर, आपलं गाव सुटल्यानंतर, अशी हाक मिळणं ही लहान गोष्ट नाही. हाँगकाँगला मला शिकवणाऱ्या बाईंची आणि माझी भाषा वर्षभर जुळली नव्हती. त्या माझ्या कंबरेवर दोन बोटं ठेवायच्या, आणि मला कळायचं. सकाळी भेटल्यावर ‘झाओ आन’ म्हणा, म्हणजे सुप्रभात. बाकीचं त्या बघून घेतील.

तीन महिन्यांनी मला परत लिहा. बरं वाटतं का, हे विचारणार नाही. मागे पाऊल टाकताना नजर अजून खाली जाते का, तेवढं कळवा.